१८६५०चा सेल घेताना: एमएएच नंतर, अँपिअर आणि साल आधी

‘टॉर्चसाठी सेल सुचवा’ म्हणून येणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘किती एमएएचचा घेऊ?’ एमएएच म्हणजे सेलची क्षमता, त्यात किती वीज मावते ते. मंडईत ‘किलो कसे दिले?’ विचारावं तसा हा प्रश्न. या सेलच्या बाबतीत मात्र तो प्रश्न चौथ्या नंबरचा आहे. त्याआधी तीन गोष्टी बघायच्या असतात. सेल न तापता किती अँपिअर देऊ शकतो, अंगावर ज्या कंपनीचं नाव छापलंय तिचाच तो आहे का, आणि त्याच्यावरची प्लॅस्टिकची पातळ साल धड आहे का.

हा लेख सुट्या लिथियम-आयन सेलबद्दल आहे, मुख्यतः १८६५० मापाच्या. गावाकडे टॉर्चलाच बॅटरी म्हणतात, म्हणून गोंधळ नको; मी इथे आतल्या नळकांडीला सेल म्हणणार आहे. ट्रेकचा हेडलॅम्प, रात्रीच्या विजेवर पाणी द्यायला जाताना हातात असतो तो लांब फेकीचा टॉर्च, काही छोटे पंखे आणि स्पीकर या सगळ्यांत हा सेल असतो. परदेशात तोच सेल व्हेपमध्ये, म्हणजे ई-सिगारेटमध्ये घालतात. भारतात २०१९च्या कायद्याने ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, साठवण, जाहिरात या सगळ्यावर बंदी आहे. साठवण सोडली तर पहिल्याच गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. त्यामुळे इथे राहणाऱ्या वाचकाने हे टॉर्चसाठी वाचावं. लंडन-मँचेस्टरकडचे जे वाचक व्हेप वापरतात त्यांना यातला प्रत्येक शब्द लागू आहे, उलट जास्तच, कारण टॉर्चपेक्षा व्हेप सेलला फार जास्त पिळतो.

व्हेपचा विषय काढण्याचं आणखी एक कारण आहे. सुटे सेल सामान्य माणसाच्या खिशात मोठ्या संख्येने आले ते व्हेपमुळे, आणि काय काय चुकू शकतं हे जगाला कळलं तेही त्यातूनच. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २००९ ते २०१६ या काळातल्या बातम्या चाळून आग किंवा स्फोटाच्या १९५ घटना मोजल्या. त्यातल्या ६१ घटनांत यंत्र किंवा सुटा सेल नुसता खिशात होता. वापर नाही, चार्जिंग नाही. खिशात. हे लक्षात ठेवा, पुढे परत येऊ.

मुळात सुटा सेल हवाच का?

सॅमसंग, एलजी, मुराता, पॅनासॉनिक यांच्यासारख्या कंपन्या हे उघडे सेल ग्राहकाच्या हाती देण्यासाठी बनवतच नाहीत. लॅपटॉप, सायकल, ड्रिल मशीन यांच्या पॅकमध्ये, संरक्षक सर्किटसोबत ते बसावेत अशी त्यांची अपेक्षा असते. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने तर जानेवारी २०२१मध्ये सरळ सांगितलं, की सुटे १८६५० सेल विकत घेऊ नका आणि वापरू नका.

मी दहा-बारा वर्षं ते वापरतोय, त्यामुळे दुसऱ्याला ‘वापरू नका’ म्हणायला तोंड नाही. पण एवढं नक्की सांगेन: वर्षातून दोनदा राजमाचीला काजवे बघायला जात असाल, तर आतच बॅटरी असलेला, यूएसबीवर चार्ज होणारा हेडलॅम्प घ्या आणि इथेच वाचन थांबवा. सुटा सेल त्याच्यासाठी, ज्याला चार-पाच दिवस वीज मिळणार नाही, किंवा ज्याच्याकडे चांगला टॉर्च आधीपासून आहे आणि सेल म्हातारा झालाय.

आधी यंत्राचं माप घ्या

सेलचं नाव म्हणजेच त्याचं माप. १८६५० म्हणजे १८ मिलिमीटर व्यास, ६५ मिलिमीटर लांबी. शेवटचं शून्य म्हणजे गोल नळी. २१७०० म्हणजे २१ बाय ७०. १४५०० म्हणजे १४ बाय ५०, आणि इथे पहिला सापळा आहे. हा १४५०० दिसायला हुबेहूब आपला घड्याळातला पेन्सिल सेल. पण पेन्सिल सेल दीड व्होल्टचा, आणि हा पूर्ण भरला की ४.२ व्होल्टचा. तो चुकून मुलांच्या खेळण्यात गेला तर खेळणं जळतं. पेन्सिल सेलच्या चार्जरमध्ये गेला तर गोष्ट खेळण्यावर थांबत नाही. घरात १४५०० असेल तर त्याच्यावर लाल नेलपॉलिशचा पट्टा ओढून ठेवा. माझ्याकडे तसाच आहे.

लांबीचा घोळ १८६५०मध्येही होतो. उघडा सेल ६५ मिलिमीटर. त्याच्या बुडाला संरक्षक सर्किटची चकती लावली आणि डोक्यावर बटण बसवलं की तो ६८ ते ७० होतो. काही टॉर्चमध्ये हा लांब सेल बसत नाही, झाकण दोन आटे आधीच अडतं. लोक जोर लावून फिरवतात आणि सेलचं डोकं चेपतं. काही टॉर्चमध्ये उलट, सपाट डोक्याचा सेल घातला की टोक टेकतच नाही. टॉर्चच्या माहितीपत्रकात ‘प्रोटेक्टेड’ की ‘अनप्रोटेक्टेड’ आणि ‘बटन टॉप’ की ‘फ्लॅट टॉप’ हे लिहिलेलं असतं. ते शोधा. नसेल तर जुना सेल काढून पट्टीने मोजा.

संरक्षक सर्किट काय करतं? व्होल्टेज ४.२च्या फार वर जाऊ लागलं, अडीचच्या आसपास उतरलं, किंवा शॉर्ट होऊन करंट अचानक वाढला, की ते जोडणी तोडतं. टॉर्चसाठी नवख्या माणसाने प्रोटेक्टेडच घ्यावा, माझं यावर दुमत नाही. व्हेपमध्ये किंवा फार प्रखर टॉर्चमध्ये मात्र तो चालत नाही. तिथे लागणाऱ्या करंटला सर्किट मध्येच तोडतं, म्हणून उघडा सेल लागतो, आणि मग सगळी राखण तुमच्याकडे येते.

करंटचा हिशोब, कागदावर

हा भाग कंटाळवाणा वाटतो म्हणून लोक टाळतात. सातवीचं गणित आहे.

टॉर्चसाठी: ल्युमेन म्हणजे उजेडाचं माप; ढोबळमानाने एक वॉटला शंभर ल्युमेन धरा. हजार ल्युमेनचा हेडलॅम्प म्हणजे दहा वॉट. सेल उतरत आला की त्याचं व्होल्टेज तीनपर्यंत येतं, आणि सर्किट थोडी वीज खातं, म्हणून दहाला तीनने भागा आणि मग ०.९ने. उत्तर ३.७ अँपिअर. कुठलाही खरा, चांगला १८६५० एवढं आरामात देतो. तेव्हा इथे जास्त क्षमतेचा सेल घ्यायला हरकत नाही.

आता एकाच सेलवर ‘चार हजार ल्युमेन’ फेकणारा टॉर्च घ्या. चाळीस वॉट, म्हणजे पंधरा अँपिअर. इथे साडेतीन हजार एमएएचचा सेल हाशहुश करतो, तापतो, आणि टॉर्च मिनिटभरात मंद होतो. सेलवरचा आकडा मोठा असूनही.

व्हेपसाठी दोन वेगळे हिशोब आहेत. सर्किट असलेल्या यंत्रात वॉट महत्त्वाचे: एका सेलवर ८० वॉट लावले, तर ८० भागिले ३.२, भागिले ०.९, म्हणजे जवळजवळ २८ अँपिअर. बहुतेक १८६५०च्या पलीकडचं काम. दोन सेलचं यंत्र असेल तर प्रत्येकावर निम्मा भार, चौदा अँपिअर. सर्किटच नसलेल्या नुसत्या धातूच्या नळीत ओहमचा नियम चालतो: भरलेल्या सेलचे ४.२ व्होल्ट भागिले कॉइलचा, म्हणजे व्हेपमधल्या तापणाऱ्या तारेचा, रोध. अर्ध्या ओहमला ८.४ अँपिअर, ०.१५ ओहमला २८. आणि या नळीत काही बिघडलं तर तोडणारं कोणी नसतं. ज्याला हा भागाकार करायचा कंटाळा आहे त्याने त्या नळीच्या वाटेला जाऊ नये.

हिशोबाचं उत्तर आलं की सेलच्या माहितीपत्रकातला सलग करंटचा आकडा बघायचा. सलग म्हणजे न थांबता. विक्रेते बऱ्याचदा क्षणिक करंटचा आकडा ठळक छापतात. ‘४० अँपिअर’ लिहिलेलं असतं आणि मूळ कंपनी त्याच सेलला २० म्हणत असते. तो ठळक आकडा विसरा.

अँपिअर आणि एमएएच यांचं भांडण

एका नळीत जागा तेवढीच. क्षमता वाढवायची तर आतल्या पट्ट्यांवरचा लेप जाड करावा लागतो. जाड लेपातून करंट भराभर निघत नाही. करंट हवा तर लेप पातळ, धातूची पट्टी जास्त, मग क्षमता कमी. त्यामुळे ‘दोन्ही भरपूर’ असं कोणी म्हणालं की समजा, ते विकायला बसलेत.

खरे आकडे बघा. सॅमसंग ३५ई: ३५०० एमएएच, सलग ८ अँपिअर. एलजी एमजे१: ३५०० आणि १०. सॅमसंग ३०क्यू: ३००० आणि १५. एलजी एचजी२: ३००० आणि २०. सॅमसंग २५आर: २५०० आणि २०. तैवानच्या मोलिसेलचा पी२८ए: २८०० आणि ३५. ही यादी एकदा डोळ्यांखालून घातली की दुकानात कोणी काय फेकतंय ते कळायला लागतं.

मला विचाराल तर हेडलॅम्पला पहिल्या दोघांपैकी एक, प्रखर टॉर्चला ३०क्यू किंवा एचजी२, आणि हिशोब पंधराच्या पुढे जात असेल तर पी२८ए किंवा सरळ २१७०० मापाचं यंत्र. हिशोबाचं उत्तर आणि सेलची मर्यादा यांत निदान पाव भागाची मोकळी जागा ठेवा. सेल म्हातारा होतो तशी त्याची मर्यादाही खाली येते, माहितीपत्रक मात्र तरुणच राहतं.

नावातली अक्षरंही थोडं सांगतात. आयसीआर म्हणजे कोबाल्टवाला, जुनी जात, गैरवापर सोसत नाही. आयएमआर मँगेनीजचा आणि आयएनआर निकेल-मँगेनीज वगैरे मिश्रणाचा. जास्त करंटचे सेल यांतलेच. आयएफआर म्हणजे लोह-फॉस्फेट. तो स्वभावाने सगळ्यांत शांत, पण ३.२ व्होल्टचा, ३.६५ला भरतो, त्याचा चार्जरही वेगळा लागतो. ४.२ व्होल्टच्या चार्जरमध्ये तो घालू नका.

खरा की खोटा

आता खरी मेख. सेल निवडणं सोपं, तोच सेल मिळणं अवघड.

पहिली चाळणी आकड्याची. नावाजलेल्या कंपन्यांचे १८६५० बहुतेक ३५००-३६०० एमएएचला थांबतात, काही अगदी नवे ४०००पर्यंत पोचलेत. तेव्हा १८६५०वर ५०००, ६८००, ९९०० असं काही छापलेलं दिसलं की हात मागे घ्या. घासाघीस करू नका, ‘स्वस्त आहे, घेऊन बघू’ नको. असे सेल फोडले की आत कधी लॅपटॉपच्या मेलेल्या पॅकमधला सेल नव्या सालीत निघतो. कधी त्याहून गंमत: मोठ्या नळीत करंगळीएवढा सेल आणि उरलेल्या जागेत भुकटी. मी पुण्यात तपकीर गल्लीतून एकदा हौसेने असे चार आणले होते. दोघांनी साडेपाचशे एमएएचच्या आसपास दिले, एकाने नऊशे. चौथा चार्जरनेच नाकारला.

दुसरी चाळणी वजनाची. खरा १८६५० साधारण ४४ ते ४९ ग्रॅम भरतो. किचनमधला डिजिटल काटा पुरतो. तिशीत वजन आलं तर आत काय नाही ते कळलं. वजन बरोबर आलं म्हणजे सेल खरा, असं मात्र नाही. भुकटीलाही वजन असतं.

तिसरी, छपाईची. अक्षरांच्या कडा, फॉन्ट, तारखेचा कोड, डोक्याकडच्या भागाचा आकार: तीन छिद्रं आहेत की चार, पांढरी चकती कशी बसलीय. कंपनीच्या माहितीपत्रकातल्या किंवा खात्रीच्या विक्रेत्याच्या फोटोशी ताडून बघा. एकाच खेपेतल्या दोन सेलांच्या साली वेगळ्या लांबीच्या असतील, तर त्या हाताने चढवल्यात.

‘नुसती साल वेगळी’ हाही एक धंदा आहे. कितीतरी नावं अशी आहेत, ज्यांचा स्वतःचा कारखाना नाही. ते दुसऱ्याचे सेल आणतात, आपली साल चढवतात, आकडा वाढवून छापतात. सगळेच लबाड नसतात, काही जण प्रत्येक सेल तपासून, प्रामाणिक आकडा लिहून विकतात. पण आज त्या सालीखाली एका कंपनीचा सेल, पुढच्या खेपेला दुसऱ्याचा, हे होतं. म्हणून शक्यतो मूळ कारखान्याच्या सालीतला सेल, आणि प्रोटेक्टेड हवा असेल तर नावाजलेल्या टॉर्च कंपनीचा स्वतःचा.

भारतात आणखी एक आधार आहे. हातातल्या उपकरणांत वापरायच्या लिथियम सेलना भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी सक्तीची आहे. मानकाचा क्रमांक आयएस १६०४६, आणि त्यासोबत ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक छापलेला असतो. ‘बीआयएस केअर’ हे ॲप घ्या, तो क्रमांक घाला, आणि कंपनी व वस्तू जुळते का ते बघा. लॅमिंग्टन रोडच्या गर्दीतही दोन मिनिटांचं काम. दुकानदार वैतागला तर वैतागू दे.

चौथी आणि शेवटची परीक्षा घरी. क्षमता मोजणारा चार्जर असेल तर पूर्ण भरून, पूर्ण उतरवून आकडा घ्या. छापील आकड्याच्या पाच-सात टक्के खाली आला तरी चालेल. तसा चार्जर नसेल तर घड्याळ लावा. एक अँपिअरने चार्ज करताना रिकाम्या ३००० एमएएचच्या सेलला तीन तासांहून थोडं जास्त लागलंच पाहिजे. ‘९९००’वाला पाऊण तासात ढेकर देतो.

लॅपटॉपच्या जुन्या पॅकमधून काढलेले सेल सोलर दिव्यांच्या हौशी प्रयोगांसाठी लोक घेतात. जाणकाराने मोजून-मापून घ्यावेत. डोक्याला बांधायच्या दिव्यात ते नकोत.

साल

पेन्सिल सेलपेक्षा या सेलची रचना वेगळी समजून घ्या, मग बाकीचं आपोआप कळतं. सेलचं डोकं धन, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण ऋण म्हणजे फक्त बूड नव्हे. अख्खी नळी, बुडापासून थेट डोक्याच्या कडेपर्यंत, ऋण आहे. धन टोपी आणि ऋण कडा यांच्यात अंतर जेमतेम मिलिमीटर-दोन मिलिमीटरचं, मध्ये एक रबरी-प्लॅस्टिकचं कडं. त्या कडेला झाकते ती फक्त साल आणि तिच्याखालची पातळ चकती.

म्हणजे डोक्याकडे साल फाटली आणि यंत्राचं धातूचं टोक थोडं तिरकं बसलं, की शॉर्ट. मध्ये कुठे फाटली आणि यंत्राची नळी धातूची असेल, तरी तेच. शॉर्ट झालेला जास्त करंटचा सेल काही क्षणांत शंभराहून जास्त अँपिअर ओततो. आतलं तापमान एका हद्दीपुढे गेलं की आतलीच रसायनं उष्णता निर्माण करू लागतात आणि मग बाहेरून कितीही तोडलं तरी ते थांबत नाही. टोपीखाली वाफ सोडायची झडप असते. ती वेळेवर उघडली तर ज्वलनशील धूर निघतो, नाही उघडली तर नळीच तोफ होते.

म्हणून दर वेळी सेल घालताना तो बोटांत एकदा गोल फिरवा. नखाएवढी चीर दिसली तरी तो सेल बाजूला. साल बदलता येते, सुट्या साली मिळतात, हेअर ड्रायरच्या गरम हवेने त्या आक्रसून बसतात; डोक्यावरची चकती मात्र विसरायची नाही. जमत नसेल तर कोणाकडून करून घ्या. सेलोटेप हा उपाय नाही. सेलला ठोक बसलेला असेल, पोचा पडला असेल, तर साल बदलण्यात अर्थच नाही. आतल्या थरांमध्ये काय चेपलं गेलंय ते तुम्हाला दिसत नाही.

आणि खिसा. किल्ल्या, नाणी, सुटा सेल: त्या ६१ घटनांतल्या कित्येकांचं मूळ एवढंच. माझ्याच सॅकच्या कडेच्या कप्प्यात एकदा सेल आणि कॅराबिनर, म्हणजे दोर अडकवायची धातूची कडी, एकत्र पडले होते. हात घातला तेव्हा सेल चहाच्या कपासारखा गरम. तो सेल फेकून दिला आणि त्या दिवसापासून प्लॅस्टिकच्या डबीशिवाय सेल घराबाहेर जात नाही. डबी अगदी स्वस्त असते, बऱ्याचदा सेलबरोबर फुकट येते. ती नसेल तर विकू नका, असं मी दुकानदारालाही सांगून बघतो.

चार्जर

सेलवर खर्च करून चार्जरवर वाचवणारे फार. लिथियम सेल आधी ठरलेल्या करंटने भरायचा असतो, मग ४.२ व्होल्टला रोखून करंट हळूहळू कमी करत थांबवायचा असतो. ४.२पासूनचा फरक ०.०५ व्होल्टच्या आतच हवा, त्यापुढे नाही. ज्या चार्जरवर हे लिहिलेलं नाही, सरळ भिंतीच्या प्लगवर बसणारा हलका डबा आणि लाल-हिरवा दिवा, तो टॉर्चसोबत फुकट आला असला तरी वापरू नका. पेन्सिल सेलचा जुना चार्जर तर नाहीच.

प्रत्येक खण वेगळा चालणारा, व्होल्टेज दाखवणारा आणि करंट निवडू देणारा चार्जर घ्या. अर्धा ते एक अँपिअर पुरतो. घाई असल्याशिवाय दोनला जाऊ नका. घरी आल्यावर एकदा मल्टिमीटरने तपासा: भरलेला सेल काढला की ४.१५ ते ४.२० दिसायला हवं. ४.२५ दिसलं तर चार्जर परत करा.

सेल चार्ज करायची जागा फरशी किंवा ओटा. गादी, उशी, पुस्तकांचं कपाट नको. झोपून जायचं आणि सकाळी काढायचा, हेही नको.

एक चूक भलेभले करतात. सहा महिने कपाटात पडलेला टॉर्च उघडतात, सेल दीड व्होल्टवर आलेला असतो, चार्जर घेत नाही, मग कुठूनतरी युक्ती शोधून त्याला ‘जागं’ करतात. अडीचच्या फार खाली गेलेल्या सेलमध्ये आतलं तांबं विरघळायला लागतं, आणि चार्ज करताना ते नको त्या जागी जाऊन बसतं. सेल चालतो, काही दिवस छान चालतो, आणि एके दिवशी आतूनच शॉर्ट होतो. दोनच्या खाली उतरलेला सेल मी जागा करत नाही.

जोडीचे सेल

एकामागे एक दोन सेल लागणारा टॉर्च किंवा दोन सेलचं व्हेप असेल, तर सेल जोडीने घ्या, जोडीने चार्ज करा, जोडीने काढा. सालीवर मार्करने अ-१, अ-२ लिहा, आणि घेतल्याचा महिना. एक नवा आणि एक जुना घातला की जुना आधी रिकामा होतो. नवा त्याला तरीही ढकलत राहतो, आणि रिकामा सेल उलटा चार्ज होऊ लागतो. वेगवेगळ्या कंपन्यांचे दोन किंवा एक भरलेला-एक अर्धा, हेही तेच. ज्याला ही शिस्त जमणार नाही त्याने एका सेलचं यंत्र घ्यावं. मी स्वतः तेच करतो.

ऊन, बर्फ आणि विमान

बहुतेक सेल चार्ज करायची हद्द शून्य ते ४५ अंश. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात सावलीतच पारा तिथे पोचतो, बंद गाडीच्या डॅशबोर्डवर तर विचारू नका. गाडीत टॉर्च ठेवायचाच असेल तर साध्या लिथियमच्या न भरता येणाऱ्या पेन्सिल सेलचा ठेवा.

हिमालयात उलटा प्रश्न. थंडीत सेल लवकर दमतो, ते तात्पुरतं असतं. रात्री स्लीपिंग बॅगमध्ये अंगाशी ठेवा, सकाळी पूर्ववत. पण शून्याखाली असताना पॉवर बँकेवर चार्जिंगला लावू नका. आत धातुरूप लिथियमचा थर साचतो, तो परत जात नाही. आधी अंगाच्या उबेने सेल गरम करा, मगच चार्ज.

विमानात सुटे सेल केबिनमध्येच, चेक-इनच्या बॅगेत कधीच नाही. प्रत्येक सेल डबीत किंवा टोकांना टेप लावून. विमानात न्यायच्या बॅटरीवरची शंभर वॉट-अवरची मर्यादा इथे आड येत नाही, ३५०० एमएएचचा १८६५० साडेबारा वॉट-अवरच्या आसपासच भरतो.

पावसाळ्यात महिनोन्‌महिने टॉर्च पडून राहणार असेल तर सेल बाहेर काढा, ३.६ ते ३.८ व्होल्टवर आणून डबीत, थंड कोरड्या जागी ठेवा. पूर्ण भरून ठेवलेला सेल लवकर म्हातारा होतो.

सेल फुसफुसला तर

हातात धरताना नेहमीपेक्षा गरम लागला, गोड-उग्र वास आला किंवा फुस्स आवाज झाला, तर टॉर्च हातातून खाली उघड्या फरशीवर ठेवा आणि लांब व्हा. झाकण उघडून सेल काढायचा मोह नको, नळीच्या समोर तोंड नको. निघणारा धूर विषारी असतो, खिडक्या उघडा, पोरांना बाहेर काढा. पेटला आणि लांबून जमण्यासारखं असेल तर भरपूर पाणी ओता. या छोट्या सेलांत पाणी थंडावा देण्याचं काम करतं. आसपास काही पेटलं तर १०१ किंवा ११२.

निरोप कधी द्यायचा

क्षमता मूळच्या सत्तर-पंचाहत्तर टक्क्यांवर आली, चार्जिंगला नेहमीपेक्षा जास्त तापायला लागला, भरून ठेवलेला सेल आठवडाभरात ४.१च्या खाली उतरू लागला, यातलं एकही दिसलं की पुरे. रोजच्या वापरात दोन-तीन वर्षं झाली की मी न मोजताच बदलतो.

जुना सेल घरच्या कचऱ्यात टाकू नका. घंटागाडीत सगळं दाबलं जातं आणि गाडी पेटते. २०२२च्या बॅटरी कचरा नियमांनुसार बॅटरी बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्यांवर त्या परत गोळा करायची जबाबदारी आहे. पालिकेच्या ई-कचरा संकलनाला किंवा मोबाइल-लॅपटॉपच्या मोठ्या दुकानातल्या पेटीत द्या. देण्याआधी टॉर्चमध्ये लावून उतरवून घ्या, दोन्ही टोकांना इन्सुलेशन टेप गुंडाळा, आणि प्रत्येक सेल वेगळ्या पिशवीत घाला. माझ्याकडे काचेच्या बरणीत सध्या असे सहा बसलेत, गॅलरीत, झाकण सैल ठेवून.